उकळत्या पाण्याचं जेवण : नूडल्सचं एक प्रॅक्टिकल

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण शाळेत शिकलो. इंजिनिअरिंगला आल्यावर ती बदलते. आधी सबमिशन, मग व्हायव्हा, मग लोकल आणि उरलाच वेळ तर पोटोबा. या पोटोबाचं काय करायचं, यावर गेलं वर्षभर मी आणि माझ्या रूममेटने जे प्रयोग केले त्याचं हे जर्नल. सर्टिफाइड कॉपी नाही, पण कुणाचं बघून उतरवलेलंही नाही. त्यामुळे बिनधास्त वाचा!

उद्देश

सेकंड इयर संपल्यावर आम्ही दोघांनी हॉस्टेल सोडलं आणि खडवलीला खोली घेतली. भाडं परवडणारं, मागे झाडी, जवळच भातसा नदी. पावसाळ्यातल्या रविवारी सगळी कल्याण-डोंबिवली नदीवर लोटते, एरवी गाव शांत. सगळं छान. अडचण एकच. कल्याणपर्यंत लोकलची कमी नाही, पण पुढे टिटवाळा ओलांडून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्याच. एक चुकली की प्लॅटफॉर्मवर बसून पुढचीची वाट बघा. प्रॅक्टिकलची बॅच लांबली की खोलीवर पोचायला रात्रीचे नऊ-साडेनऊ. तोपर्यंत खाणावळ बंद. मग कल्याणला एक वडापाव, नाहीतर खोलीवर पाकिटातल्या नूडल्स.

हे चार महिने चाललं. जुलैच्या एका सकाळी गाडीची वाट बघताना माझा रूममेट प्लॅटफॉर्मवर मटकन खाली बसला. डोळ्यांपुढे अंधारी, अंगाला दरदरून घाम. लोकांनी पाणी दिलं, बाकावर आडवं केलं. संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन चांगलंच कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री काय जेवतोस?"

"नूडल्स."

"त्यात काय घालतोस?"

"पाणी."

डॉक्टर हसले नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "नूडल्स खाल्ल्यास म्हणून काही बिघडत नाही. तू त्यात जे घालत नाहीस, त्याने बिघडलंय."

तर आमच्या प्रयोगाचा उद्देश असा : रात्री साडेनऊला, एका पातेल्यात, पंधरा-वीस मिनिटांत, पोटभर आणि अंगाला लागेल असं जेवण तयार करणे.

पहिला प्रयत्न (फसलेला)

नूडल्स म्हटल्यावर डोळ्यांपुढे आली ती नाक्यावरची चायनीजची गाडी. भट्टीच्या ज्वाळा, कढईचा खणखणाट, हवेत उडणारा कोबी. आम्हीही इंडक्शनवर पॅन ठेवला, तेल टाकलं, अर्धा कोबी, गाजर, सिमला मिरची सगळं एकदम ओतलं, वरून उकडलेल्या नूडल्स. पाच मिनिटांनी पॅनमध्ये काय होतं? कोबीची पाणीदार भाजी आणि तिच्यात बुडालेला लगदा. रूममेट म्हणाला, "ही हाक्का नूडल्स नाही, हा गाळ आहे." खाल्लं मात्र सगळं. भूक कुणाला सांगता?

गाळ का झाला, याचं उत्तर आपल्याच पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. धरून चला की पॅनमधल्या भाज्यांनी १०० ग्रॅम पाणी सोडलं. १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, म्हणजे १०० ग्रॅमला २२६ किलोज्यूल. आमचं इंडक्शन १६०० वॉटचं. त्यातले ८५ टक्के पॅनला मिळतात असं धरलं तर १३६० वॉट. भागाकार करा : १६६ सेकंद, जवळजवळ पावणेतीन मिनिटं. तेवढा वेळ पॅनचं तापमान १०० अंशांच्या आसपास अडकून राहतं. भाजी खरपूस होण्याची रासायनिक क्रिया जोमाने चालते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. थोडक्यात, आम्ही भाजी परतत नव्हतो, उकडत होतो आणि तेही धड उकडत नव्हतो!

गाडीवरच्या भट्टीची आच आपल्या शेगडीच्या कितीतरी पट जास्त असते. तिथे पाणी सुटता सुटताच उडून जातं. शिवाय गाडीवाला एका वेळी एक-दोन प्लेटचाच माल टाकतो. आम्ही मात्र कमी आचेवर दुप्पट माल टाकून बसलो. चूक नूडल्सची नव्हती, डिझाइनची होती.

त्याच रात्री दुसरा धडा मिळाला. इंडक्शन आम्ही स्वस्तातल्या एक्स्टेंशन बोर्डला लावलं होतं, त्याच बोर्डावर इस्त्रीही. जळका वास आला म्हणून बघतो तर प्लगभोवतीचं प्लॅस्टिक मऊ होऊन वाकलेलं. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी म्हणवून घेताना लाज वाटली. १६०० भागिले २३० म्हणजे जवळजवळ ७ अँपिअर. भिंतीवरचा साधा प्लग ६ अँपिअरचा. इस्त्री आणखी वेगळी. हे गणित पेपरात विचारलं असतं तर दोन मार्क हमखास मिळाले असते. खोलीत मात्र आग लागता लागता राहिली.

सिद्धांत

आता तुम्ही म्हणाल, मग उपाय काय? उपाय सापडला तो आमच्या घरमालकीण काकूंमुळे. काकू मूळच्या मालवणकडच्या. गाळाची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "अरे बाळांनो, नूडल्स परतायला कशाला हव्यात? आमच्याकडे शिरवाळे कधी कोणी परतत नाही."

शिरवाळे माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच साच्यातून दाबून शेवया पाडायच्या. वाटीत या शेवया आणि वरून नारळाचं गूळ घातलेलं दूध. झालं. शेवया वेगळ्या शिजल्या, रस वेगळा झाला आणि दोघांची भेट थेट वाटीत.

काकूंचं वाक्य ऐकलं आणि आमची ट्यूब पेटली. परतण्याला जबर आच लागते, पण उकळण्याला लागत नाही. पाणी मोठ्या भट्टीवरही १०० अंशांनाच उकळतं आणि आमच्या इंडक्शनवरही तितक्यालाच. फरक फक्त वेळेचा. म्हणजे आपल्याकडे जी एक गोष्ट हॉटेलइतकीच चांगली मिळते ती म्हणजे उकळतं पाणी! मग जेवण त्याच्याच भोवती रचायचं. चव सगळी रसात, शिजवणं सगळं पाण्यात, मिसळणं वाडग्यात. चीन, जपान, व्हिएतनामकडेही रोजच्या जेवणातले कितीतरी नूडल्स असेच खातात. तेवढे परतलेलेच असतात ही आपली समजूत गाडीमुळे झाली.

थोडा इतिहासही जर्नलमध्ये असू द्या. चीनमधल्या लाजिया इथल्या उत्खननात पालथ्या पडलेल्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे नूडल्स सापडले. त्याचा शोधनिबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. ते भरडधान्याचे असल्याचं संशोधकांनी त्यात मांडलं. आपल्या गाडीवरचं 'हाक्का' हे नाव कोलकात्यात येऊन वसलेल्या हाक्का चिनी लोकांचं. मंचुरियनचं श्रेय मात्र मुंबईला दिलं जातं. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. आणि आपल्या हॉस्टेलचं आराध्यदैवत, म्हणजे पाकिटातल्या नूडल्स, १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी बाजारात आणल्या.

आंदोंची युक्ती खास इंजिनिअरची आहे. शिजवलेल्या नूडल्स गरम तेलात तळल्या की त्यातलं पाणी वाफ होऊन झपाट्याने बाहेर पडतं आणि मागे बारीक छिद्रं राहतात. पुढे गरम पाणी ओतलं की ते याच छिद्रांतून आत शिरतं. म्हणून त्या झटपट शिजतात. पण त्यासाठी त्या तळलेल्या असतात, हेही लक्षात ठेवा. मॅगी भारतात १९८३ साली आली. जून २०१५ मध्ये तिच्यावर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानात दिसू लागली. तेवढे महिने कित्येक हॉस्टेलं पोरकी झाली होती म्हणे!

आता गहू आणि तांदूळ यांतला फरक. गव्हात ग्लूटेन असतं. पीठ मळलं की त्याचं जाळं तयार होतं आणि शिजताना नूडल्सला तेच धरून ठेवतं. तांदळात ग्लूटेन नाही, म्हणून आधी उकड काढावी लागते. गरम पाण्यात स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच बांधणी करतो. बाजारात मिळणाऱ्या तांदळाच्या बारीक नूडल्स म्हणजे शिरवाळ्यांची वाळवलेली चुलत भावंडंच. त्या आधीच शिजवलेल्या असल्याने नुसत्या उकळत्या पाण्यात भिजवूनही मऊ होतात.

साहित्य (दोन जणांसाठी)

गव्हाच्या साध्या नूडल्स, मसाल्याशिवायच्या : १५० ग्रॅम
मोड आलेली मटकी किंवा मूग : १ वाटी
कोबी : पाव गड्डा, लांब चिरून
गाजर : १, सालकाढणीने लांब पट्ट्या काढून
पातीचा कांदा : २ काड्या
अंडी : २ (न खाणाऱ्यांनी मटकी दुप्पट घ्यावी, नाहीतर पनीर)
पाणी : दीड लिटर

रसासाठी : दाण्याचं कूट ४ मोठे चमचे, सोया सॉस ३ छोटे चमचे, एका लिंबाचा रस, सुपारीएवढा गूळ, हिरव्या मिरचीचा ठेचा अर्धा छोटा चमचा, लसणाच्या २ पाकळ्या ठेचून.

दाण्याचं कूट बघून नाक मुरडू नका. इंडोनेशियात साते नावाच्या पदार्थाबरोबर शेंगदाण्याचा रस खातात. तिथेही शेंगदाणे, गोड, आंबट, तिखट हाच मेळ असतो. आपल्याकडे कूट घरोघरी असतं. घरून येताना आईकडून अर्धा किलो आणलं की महिनाभर बघायला नको.

कृती

१. दीड लिटर पाणी झाकण ठेवून उकळायला ठेवा. २८ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ४५० किलोज्यूल लागतात. आमच्या इंडक्शनवर साडेपाच मिनिटं. वीज एका युनिटचा साधारण सातवा भाग. पाण्यात मीठ घालू नका, सोया सॉस पुरेसा खारट असतो.

२. ही साडेपाच मिनिटं मोबाइल बघण्यासाठी नाहीत. भाज्या चिरा. मोठ्या वाडग्यात रसाचं सगळं साहित्य एकत्र करा, पण पाणी अजून घालू नका.

३. पाणी खळखळलं की आधी मटकी टाका. तीन मिनिटांनी कोबी आणि गाजर. आणखी एक मिनिट. मग सगळं झाऱ्याने काढून घ्या. कोबी दाताखाली कुरकुरला पाहिजे. मोड आलेली कडधान्यं कच्ची घालू नका. मोडांत जंतू सहज वाढतात.

४. त्याच पाण्यात नूडल्स टाका. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या अर्धा मिनिट आधी एक काडी चावून बघा. मध्ये किंचित कडक लागली की बंद. रस गरम असतो, उरलेलं शिजणं वाडग्यात होतं.

५. सगळ्यात महत्त्वाची पायरी. नूडल्सचं ते पांढुरकं पाणी फेकू नका! त्यातलं अर्धी वाटी पाणी रसात घालून ढवळा. पाण्यात उतरलेला स्टार्च कुटातलं तेल आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवतो. साध्या पाण्याने रस फुटतो, या पाण्याने तो मलईसारखा होतो.

६. नूडल्स निथळून थेट वाडग्यात. आम्ही त्या गार पाण्याखाली धूत नाही. परतायच्या असतील तर धुवाव्या, म्हणजे सुट्या राहतात. इथे मात्र वरचा स्टार्चच रस धरून ठेवणार आहे.

७. पातेल्यात दोन वाट्या पाणी ठेवा, बाकीचं ओतून द्या. ते उकळलं की अंडी फेटून बारीक धारेने सोडा आणि हळू ढवळा. अर्ध्या मिनिटात अंड्याचे पिवळे धागे तयार. ते झाऱ्याने वर घाला, भाज्या घाला, पातीचा कांदा चिरून टाका. उरलेलं पाणी मिरपूड आणि चिमूटभर मीठ घालून सूप म्हणून प्या.

चिरण्या-ढवळण्यासह वेळ : पहिल्या दिवशी २६ मिनिटं, आता १७. घासायला एक पातेलं, एक झारा, दोन वाडगे. हॉस्टेलवाल्यांना या शेवटच्या आकड्याचं मोल कळेल.

निरीक्षणे

एक. पाकिटाच्या नूडल्सच वापरायच्या असतील तरी हीच कृती चालते. फक्त मसाल्याची पुडी अर्धीच टाका आणि सोया सॉस वगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पुडीच्या मागे सोडियमचा आकडा छापलेला असतो. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एवढं लक्षात ठेवून तो एकदा वाचा.

दोन. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ३० ग्रॅम दाण्यात साधारण ७. नुसत्या नूडल्सपेक्षा वाडगा भारी ठरतो तो यामुळे.

तीन. मटकीतलं लोह शरीरात नीट शोषलं जावं यासाठी लिंबू कामाला येतं, त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे. उलट जेवताजेवता चहा घेतला तर हे शोषण घटतं. आमचा रूममेट जेवणाबरोबर चहा प्यायचा. आता प्यायचा झाला तर तासभर थांबतो.

चार. पावसाळ्यात आदिवासी बायका रानभाज्या विकायला आणतात. कोवळा टाकळा आम्ही कोबीऐवजी उकळत्या पाण्यातून काढून घालून बघितला, छान लागतो. शेवळं मात्र घालू नका. ती घशाला खाजतात आणि काकडं घालून, नीट शिजवूनच खायची असतात. काकूंनी वेळीच अडवलं म्हणून बरं.

दक्षता

हॉस्टेलच्या खोलीत इंडक्शनला बंदी असेल तर ती मोडू नका. मीही पूर्वी या नियमावर चिडायचो. वितळलेला प्लग बघितल्यापासून चिडत नाही. एका मजल्यावर वीस खोल्या आणि प्रत्येकीत ७ अँपिअर असा हिशोब केला की रेक्टर सरांचा चेहरा आठवतो. जिथे परवानगी आहे तिथेही १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावा, एक्स्टेंशनवर नको.

खोलीत काहीच पेटवता येत नसेल त्यांच्यासाठी तांदळाच्या बारीक नूडल्स. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात नूडल्स आणि किसलेलं गाजर ठेवा, मेसमधून उकळतं पाणी मागून आणा, डबा भरा, झाकण लावा, पाच-सहा मिनिटं थांबा. मग बरंचसं पाणी ओतून उरलेल्यात रस कालवा. कडधान्य आणि अंडं मेसमध्ये शिजलेलंच मागून घ्या. केटल वापरायची परवानगी असली तरी नूडल्स केटलमध्ये शिजवू नका. स्टार्चचा फेस उतू जाऊन थेट खालच्या वायरिंगवर येतो.

आणि स्टाफपैकी कुणी हे वाचत असेल तर एक नम्र विनंती. उशिरा येणाऱ्या मुलांसाठी मेसमध्ये रात्री दहापर्यंत उकळतं पाणी, उकडलेली मटकी आणि उकडलेली अंडी एवढं ठेवता आलं तर आचारीमामांना जागावं लागणार नाही आणि मुलं उपाशी झोपणार नाहीत. खर्च किती, ते वरच्या आकड्यांवरून काढता येईल.

निष्कर्ष

तीन महिन्यांनी रूममेटचं रक्त पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन वाढलं होतं. गोळ्यांचं श्रेय गोळ्यांना, पण डॉक्टरांनी या वेळीही विचारलं, "रात्री काय जेवतोस?" पठ्ठ्याने पुन्हा सांगितलं, "नूडल्स." आणि "त्यात काय घालतोस?" म्हटल्यावर मटकीपासून लिंबापर्यंत सगळी यादी म्हणून दाखवली. डॉक्टर या वेळी हसले आणि रसाचं प्रमाण लिहून घेतलं.

या प्रयोगातून सिद्ध होते की, आपल्याकडे जी आच नाही तिच्यासाठी रडत बसण्यापेक्षा जे उकळतं पाणी आहे त्याचं काय करता येईल ते बघावं. मशीन लहान असेल तर काम मशीनला जुळवून घ्यावं, हे चार वर्षांत शिकवतातच. आम्ही ते एका पातेल्यात शिकलो.

परवा काकूंना वाडगा नेऊन दिला. त्यांनी एक घास खाल्ला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "चांगलं झालंय रे. पुढच्या वेळी थोडं नारळाचं दूध घाल."

तर पुढचं प्रॅक्टिकल ठरलं. तुम्ही हे एवढं करून बघा, आणि जमलं नाही तर आधी मोजा, आचेला आणि नूडल्सना दोष मग द्या!